माहिती देणारा: भाऊ

मी कन्नड शिकले ती भावावर सूड उगवायला. कुणी नोकरीसाठी शिकतं, कुणी लग्न होऊन तिकडं गेली म्हणून, कुणी शेजारणीच्या भांडणात कमी पडायला नको म्हणून. माझं कारण एवढंच. आणि खोटं कशाला बोलू, सूडासाठी शिकलेली भाषा पक्की बसते.

कर्नाटकात, औराद तालुक्यातलं आमचं गाव. घरात मराठी, बाजारात ज्याला जी येईल ती. अप्पा गेल्यावर अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, घरचा कर्ता झाला. तालुक्याच्या एका ऑफिसात तो खिडकीवर बसून लोकांचे अर्ज घ्यायचा. कुणी मराठीत लिहून आणला की परत करायचा, ‘कन्नडात लिहून आणा.’ तोच माणूस संध्याकाळी आमच्या ओट्यावर यायचा आणि अण्णाच त्याला कन्नडात लिहून द्यायचा. गल्लीत त्याला केवढा मान! माय कपाळाला विभूती लावता लावता कौतुकानं म्हणायची, “माझ्या लेकाला दोन जिभा हायत.” खरंच होतं ते. फक्त कोणती कुठं वळते हे तिला ठाऊक नव्हतं.

मी मराठी शाळेतली. माझं कन्नड म्हणजे ‘येष्टु’ आणि ‘हौदु’. केवढ्याला, आणि होय. एवढ्या भांडवलावर मी एकोणीस वर्षांची झाले.

आता माझं दुखणं सांगते, कारण ते सगळं एका काना-मात्रेत होतं. जन्मले तेव्हा मला मुलगा म्हणून वाढवायला घेतलं. पण मराठीत तोंड उघडलं की पळवाट नाही. मी जातो का मी जाते, आलो का आले, दर वाक्याला सांगावंच लागतं तू कोण. मनात मी कायम ‘जाते’. बाहेर ‘जातो’ म्हणायच्या आधी घोट गिळायचा आणि मग बोलायचं. दिवसातून दोनशे वेळा घोट गिळून बघा म्हणजे कळेल.

अण्णासाठी उदगीरकडची सोयरीक आली होती. बैठकीत मुलीचे मामा, काका, सगळे. माय म्हणाली, पाणी आण. मी म्हटलं, “आणते.” निसटलं. तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? घाबरून वर म्हटलं, “पाणी देते आन् जाते.” मामा खदाखदा हसले. “पोरगं बाईवानी बोलायलंय की हो!” अण्णा हसला नाही. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की तांब्यातलं पाणी माझ्या पायावर सांडलं.

त्याच आठवड्यात त्यानं मला कलबुर्गीला नेलं. कावीळ तपासायची म्हणाला. कावीळ कसली, मनाच्या आजाराचा दवाखाना होता. डॉक्टरांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. अण्णा खुर्ची ओढून आमच्या मध्ये बसला. म्हणाला, “तू सांग काय होतंय ते. मी कन्नडात सांगतो.”

आणि मी सांगितलं! केवढा विश्वास. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. मी म्हटलं, “मला ‘जातो’ म्हणवत न्हाई. तोंडातनं ‘जाते’च येतं. मी बाईच हाय आतून, तीच बोलती.” अण्णानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि डॉक्टरांना काहीतरी सांगितलं. त्यातला एकच शब्द मला कळला. ‘ध्वनि’. मला वाटलं, माझ्या आवाजाबद्दल सांगतोय, पोराचा आवाज फुटायचा तसा फुटला नाही असं काहीतरी. डॉक्टरांनी माझ्याकडं बघून विचारलं, “ध्वनि?” आणि मी, माझ्या शहाणपणाला आग लागो, जोरात मान हलवली. वर ‘हौदु’ म्हटलं. आपल्यालाही कन्नड येतं हे दाखवायला.

अण्णानं सांगितलं होतं ते हे: याला बाईचा आवाज ऐकू येतो. ती त्याच्याशी बोलते.

तीन वर्षं गोळ्या खाल्ल्या. माय केळात घालून द्यायची. ज्याला खरंच आवाज ऐकू येतात त्याला त्या गोळ्या जीवदान देत असतील, मी नाही म्हणत नाही. मला काय दिलं त्यांनी? जीभ जड, तोंडातून लाळ, हात थरथर, दिवसभर झोप. बाहेर पोरं ‘येडं आलं, येडं आलं’ करायची. पण ‘जाते’ म्हणणं मात्र थांबलं, कारण बोलणंच थांबलं. अण्णा लोकांना सांगायचा, “लई फरक पडलाय.” त्याचं लग्न झालं. वहिनी आली, ती माझ्यापुढं ताट ठेवून लांब सरकायची. तिला तसं सांगितलेलं होतं.

एकदा बिदरला औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभी होते. पुढं एक उंच बाई, हातात साड्यांचं गाठोडं. तिनं मागं वळून माझा थरथरता हात बघितला, चिठ्ठी बघितली आणि जाड आवाजात विचारलं, “कुठल्या गोळ्या खायलीस गं? किती दिस झाले?”

खायलीस. गं.

मी रस्त्यावर बसून रडले. लोक बघत होते, बघू देत. जगात एका माणसानं मला बरोबर हाक मारली होती आणि तिला ते सांगावंही लागलं नव्हतं. तिला मी पुढं अक्का म्हणू लागले. सगळेच म्हणतात. ती आमच्यातलीच, पण पंचवीस वर्षं पुढं गेलेली.

भालकीत पिठाच्या गिरणीवर अक्काची फॉल-पिकोची खोली आहे. गुरुवारी दुपारी तिथं आमची बैठक. कुणी खटकचिंचोळीहून यायचं, कुणी बसवकल्याणहून. खाली गिरणी घरघरत असते, त्यामुळं वरचं बोलणं जिन्यापर्यंतही पोचत नाही. अक्का आल्या आल्या प्रत्येकाच्या हातात एक साडी आणि फॉल द्यायची. “बोलायचं आसंल तर बोला, न्हाईतर टाका घाला.” नजर सुईवर असली की माणूस काय वाट्टेल ते बोलून जातो. तिथं सल्ला द्यायला बंदी. ज्यानं ‘तू असं कर’ म्हटलं त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. मी पहिल्या महिन्यात सात चहा पाजले. कुणी एक गुरुवार आलं नाही तर दुसऱ्या दिवशी दोघांनी त्याच्या घरी जायचं, फॉलसाठी साडी न्यायला आलोय म्हणून.

मी एकदा म्हटलं, मला जगायचं नाही. कुणी ‘असं बोलू नये’ म्हटलं नाही. अक्का जवळ सरकून बसली, मला घरी सोडलं नाही, आपल्याकडं ठेवून घेतलं आणि सकाळी बिदरच्या एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाई म्हैसूरकडच्या, तरुण. त्यांनी अक्काच्या मदतीनं सगळं ऐकलं आणि सांगितलं, या गोळ्या नसलेले आवाज ऐकू येणाऱ्यांना देतात. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत म्हणाल्या. हळूहळू कमी करत नेल्या, दर पंधरा दिवसांनी बोलावून. माझी जीभ परत आली. आणि जीभ आली तसा रागही आला. बाप रे, काय राग! तीन वर्षं झोपला होता, ताजातवाना होऊन उठला.

कन्नड मला शिकवलं मुडबीकरांनी. हे आमच्यातलेच एक, मुडबीच्या बाजूचे. घरी मराठी, पण बैठकीत फक्त कन्नड बोलायचे. मी विचारलं, कामून? तर तेवढ्यापुरतं मराठीत म्हणाले, “मराठीत मला दोनच दारं हायत आन् मला दोन्हीतनं जायचं न्हाई. कन्नडात ‘ना बंदीनि’ म्हटलं की झालं. आलोय बी त्यातच, आलेय बी त्यातच. कोण आलंय ते विचारत न्हाई भाषा.” मी थक्क झाले. माझी सगळी लढाई त्या एका अक्षरासाठी आणि हे त्या अक्षरापासूनच सुट्टी मागत होते! मग मी त्यांना मुडबीकर म्हणू लागले आणि अहो-जाहो करू लागले. ‘तुम्ही आलात’ म्हटलं की कसलीच अडचण नाही. सुरुवातीला ते चिडवणं होतं, मग सवय झाली, आता दुसरं काही तोंडात येत नाही.

कन्नड कळायला लागलं तसं मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, माझी कलबुर्गीची जुनी फाईल मागवा. फाईल आली. पहिल्याच पानावर ‘बाईचा आवाज ऐकू येतो. रुग्णाने मान हलवून दुजोरा दिला.’ आणि खाली ‘माहिती देणारा: भाऊ’. त्यापुढं अण्णाची सही, वळणदार, जशी तो ऑफिसात करतो.

मला माझ्या शरीराचे उपचार सुरू करायचे होते. त्यासाठी बाईंचं पत्र लागणार होतं. बाई म्हणाल्या, “मला तुझ्याबद्दल शंका नाही. वर्षभर गोळीशिवाय बघतेय मी तुला. पण पुढचा डॉक्टर ही फाईल बघेल आणि तुला परत पाठवेल. ज्यानं माहिती दिली त्यानंच येऊन खरं सांगितलं तर हे मला रीतसर दुरुस्त करता येईल.” म्हणजे माझा पुढचा सगळा जन्म अण्णाच्या त्याच जिभेवर अडकला होता.

फोन केला. त्यानं कट केला. मायला सांगितलं, माय रडली आणि म्हणाली, झालं गेलं सोड. सोड म्हणे! निरोप पाठवला, उत्तर आलं, ‘काय चूक झाली आसंल तर तूच मान हलवली होतीस.’ हे मात्र मला लागलं. कारण तेच मी रोज स्वतःला म्हणत होते. त्याचं चुकलं असेल, माझंही चुकलं, एका शब्दाचा घोळ झाला आणि मी हौदु म्हणून बसले.

तोवर मी बाईंकडं दुभाषीचं काम करू लागले होते. औराद-भालकीकडचे लोक यायचे, मराठीशिवाय काही न येणारे, आमच्यातले आणि इतरही. मी तिथं एक नियम लावून घेतला. घरच्यानं दुभाष्या व्हायचं नाही. कुणी भाऊ, चुलता खुर्ची ओढून मध्ये बसायला लागला की मी दार उघडून म्हणायची, “दादा, तुम्ही भाईर.” त्यांची तोंडं काय व्हायची! “मी घरचा हाय,” म्हणायचे. “म्हणूनच,” मी म्हणायची. आजवर किती भाऊ बाहेर बसवलेत मी. प्रत्येक वेळी मला गूळ खाल्ल्यासारखं वाटायचं. अक्का म्हणायची, “तू कामाला यायलीस का दुश्मनी काढायला?” मी म्हणायची, दोन्ही.

पण त्यांतला एकही अण्णा नव्हता. शेवटी मी त्याच्या खिडकीवर गेले.

सोमवार, बाजाराचा दिवस, रांग ही एवढी. मी साडी नेसून गेले, इस्त्री केलेली. माझ्या मागं आमच्या गल्लीतले दोघं होते, त्यांनी ओळखलं आणि एकमेकांना कोपर मारलं. माझा नंबर आला. अण्णानं वर न बघता हात पुढं केला. मी अर्ज दिला. कन्नडात, माझ्या हातानं लिहिलेला. विषय: चुकीचे भाषांतर दुरुस्त करून मिळण्याबाबत. ‘मान्यरे, आपण माझे वडीलबंधू असून आपण डॉक्टरांना माझे म्हणणे भलतेच सांगितलेत. तरी आपण समक्ष येऊन ते दुरुस्त करावे. आपली बहीण.’

त्यानं वाचला. आणि गंमत बघा, वाचता वाचता त्याचा पेन आपोआप चालला. ऱ्हस्व ‘ए’च्या जागी मी दीर्घ लिहिला होता, मराठी माणसाची नेहमीची चूक, ती त्यानं सुधारली. मग शेवटच्या दोन शब्दांवर पेन थांबला.

“कामून आलास इथं?” दबक्या आवाजात, मराठीत.

“इथं मराठी चालत न्हाई ना?” मी कन्नडात म्हटलं, रांगेला ऐकू जाईल असं. “अर्जाची पोच द्या, साहेब.”

“घरी बोलू.”

“पोच द्या. न्हाईतर मी उद्या परत येते. परवा बी येते. रोज नवा अर्ज लिहीन. माझा सराव होईल.”

मागून कुणीतरी हसलं. अण्णाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं शिक्का उचलला, मारला, सही केली. तीच वळणदार सही. “गुरुवारी येतो,” म्हणाला.

आला. मी दवाखान्यात सकाळपासून तयार होते. अण्णा खुर्चीत बसणार, बोलणार आणि मी समोर बसून त्याचा शब्द न् शब्द तपासणार, हे चित्र मी किती दिवस डोळ्यांसमोर रंगवलं होतं. तो आत गेला, मी मागोमाग. बाई म्हणाल्या, “तू बाहेर थांब.”

“मी?”

“त्यांना कन्नड येतं. आणि तू घरची आहेस.”

माझाच नियम. मी बाहेर बाकावर बसले, दात-ओठ खात. मुडबीकर शेजारी येऊन बसले. आतून आवाज येत नव्हता. हा परत खोटं बोलला तर? परत तीच दोन वाक्यं सांगितली तर? बाई काय करणार, फाईल तशीच राहणार, आणि मी पन्नाशीला पोचेन तरी ‘बाईचा आवाज ऐकणारा’ म्हणून. मुडबीकरांनी सल्ला दिला नाही. नुसता माझा हात धरून ठेवला.

अर्ध्या तासानं अण्णा बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बाईंनी मला आत घेतलं. फाईल माझ्यापुढं सरकवली. त्यांच्या अक्षरात नवी नोंद होती, अण्णाची परवानगी घेऊन मला वाचायला दिलेली. मी कन्नड वाचलं. एकदा, दोनदा.

‘भावाला रुग्णाचे म्हणणे त्याच वेळी नीट समजले होते. त्याने जाणूनबुजून वेगळे सांगितले. कारण विचारता म्हणाला, वेडा दीर चालतो, तसला दीर चालत नाही. सोयरीक मोडली असती.’

चूक नव्हती. घोळ नव्हता. मी मान हलवली नसती तरी त्यानं तेच केलं असतं. इतकी वर्षं मी माझ्या त्या एका ‘हौदु’ला शिव्या घालत होते, आणि याला सगळं ठाऊक होतं! ओट्यावर बसून लोकांचे अर्ज अक्षर न अक्षर बरोबर लिहिणारा माणूस. त्याच्या हातून भाषांतर चुकेलच कसं, हा साधा प्रश्न मला कधी पडला नाही. भाऊ ना तो.

बाई म्हणाल्या, “पत्र आज देते.” त्यांनी माझ्यासमोर सही करून शिक्का मारला. मी पत्र घेतलं, बाईंच्या पाया पडायला गेले तर त्यांनी पडू दिलं नाही.

बाहेर आले. अण्णा अजून तिथंच. बाकावर पाचसहा माणसं होती, सगळी आपल्याच भागातली, एकाला तर तो ओळखतही असावा, कारण तोंड भिंतीकडं वळवून उभा होता.

“झालं ना तुझ्या मनासारखं?” तो म्हणाला. “आता काय पायजे तुला?”

“एक वाक्य,” मी म्हटलं. “कन्नडात न्हाई. तिथं सोपं जातं. मराठीत म्हण. ‘ही माझी बहीण हाय, मी जाणून हिला येडी ठरवलं.’”

“लोक बघायलेत.”

“सोयरीक आली होती तवा बी बघत होते.”

तो पुटपुटला. मी म्हटलं, ऐकू आलं नाही. त्यानं परत सुरुवात केली, “हा माझा...” आणि थांबला. मी वाट बघितली. मला कसलीच घाई नव्हती. मुडबीकरांनी माझी बाही ओढली, मी झटकली. अण्णानं घोट गिळला. मी बघितलं त्याला घोट गिळताना. “ही,” तो म्हणाला, “ही माझी बहीण हाय. मी जाणून हिला येडी ठरवलं.” बाकावरच्या शेवटच्या म्हाताऱ्यालाही ऐकू गेलं असेल एवढ्या मोठ्यानं. मग तो रडायला लागला, चांगला चाळिशीचा माणूस, पोरासारखा नाक ओढत.

सूड घेऊन काही मिळत नाही असं सगळे म्हणतात. बैठकीतही म्हणतात, आणि चहा पाजतात. मला विचाराल तर मला फार बरं वाटलं. अंग हलकं झालं, भूक लागली. मी त्याच्याकडं टक लावून बघत राहिले, अजून थोडा रडावा असं वाटत राहिलं.

डोळे पुसून त्यानं विचारलं, “आता तरी माफ करतीस का मला?”

“न्हाई,” मी म्हटलं. आणि बाजूला होऊन त्याला जायला वाट दिली.